शेऱ्याच्या रकान्यातली माणसं

आमच्या हवेच्या नोंदवहीत शेवटचा रकाना शेऱ्याचा. त्यात ऊन, धुकं, वारा पडलेला, एवढंच लिहायचं असे. माझे ज्येष्ठ सहकारी इनामदार तिथे माणसं लिहीत. ‘आठ से दस तक बस नहीं आई. नीचे साठ-सत्तर लोग खड़े हैं. स्कूल की लड़कियाँ मुँह पर दुपट्टा रखे हुए.’

आमचे शाखाप्रमुख साहेब चिडायचे. “इनामदारजी, ये कॉलम मौसम के लिए है.”

“मौसम भी लिखा है, सर. पर साँस तो वही लोग ले रहे हैं.”

मी गाझियाबाद भागाच्या सरकारी परिषदेत रुजू झाले तेव्हा दिल्लीभोवतीची शेतं कापून सेक्टर पाडायचं काम धडाक्यात चालू होतं. नव्या मोटारींच्या जाहिराती चौकाचौकांत लागल्या होत्या आणि बसस्टँडवर त्याच काळा धूर ओकणाऱ्या खिळखिळ्या बसगाड्या. हवा मोजणारी आमची शाखा आणि बसगाड्या चालवणारी शाखा एकाच व्हरांड्यात, समोरासमोर होत्या. चहा दोघांचा एकाच किटलीतून यायचा, पण इकडची फाइल तिकडे गेलेली मी कधी पाहिली नाही.

हमीद इनामदार मूळचे साताऱ्याचे. वीस वर्षं गाझियाबादला काढूनही घरी मराठीच बोलायचे आणि मुलांनी ‘अच्छा, यार’ सुरू केलं की वैतागायचे. ऑफिसची जीप मिळत असूनही ते बसनेच जात, फिल्टर पेपरचं पाकीट मांडीवर सांभाळत. मी एकदा कारण विचारलं. म्हणाले, “सुनंदा, जीपमधनं हवा मोजायला जायचं म्हंजे जेवून आल्यावर दुसऱ्याची भूक विचारायची.”

आमचं यंत्र बसस्टँडला लागून असलेल्या मुलींच्या सरकारी शाळेच्या गच्चीवर होतं. आठ तास ते पांढऱ्या कागदातून हवा ओढायचं. कागद आधी तोलायचा, नंतर तोलायचा. वाढलेलं वजन म्हणजे धूळ आणि काजळी. काढला की तो तव्याच्या बुडासारखा दिसे. इनामदार तो खाली रांगेतल्या लोकांना दाखवत. एका म्हातारीने विचारलं होतं, “ये हमारे अंदर भी है, भाईसाहब?” ते तिला हो म्हणाले.

बसस्टँड शाळेपासून हलवावा आणि जुन्या गाड्या मोडीत काढाव्यात, हा प्रस्ताव त्यांनीच रेटून रेटून वरपर्यंत नेला होता. वर्षभराचे आकडे बघून निर्णय व्हायचा होता. आकडे वाईट येणार हे सगळ्यांना माहीत होतं आणि नेमकं तेच कुणाला नको होतं. आजूबाजूच्या सेक्टरांत प्लॉट विकायचे होते ना!

एका सोमवारी आम्ही गच्चीवर गेलो तर यंत्र जागेवर नाही. छताची दुरुस्ती, असं सांगण्यात आलं. यंत्र सापडलं ते नव्या सेक्टरच्या बागेत, हिरवळीवर, पाण्याच्या फवाऱ्यांच्या मधोमध. मात्र नोंदीच्या तक्त्यावर ठिकाण छापलेलं होतं तेच: बसस्टँड.

इनामदारांनी तक्ता साहेबांच्या टेबलावर आपटला. “ये झूठ है. मैं साइन नहीं करूँगा.” त्यांचा आवाज चढलेला मी पहिल्यांदाच ऐकला. साहेबांनी तक्ता उचलला आणि माझ्यापुढे सरकवला.

मी तेव्हा प्रोबेशनवर होते. कायम होण्याचा कागद याच साहेबांकडून जायचा होता. इनामदार शेजारीच उभे होते. मला वाटत होतं ते म्हणतील, “नको करूस.” ते काही म्हणाले नाहीत आणि त्याचा मला आजही राग येतो, जणू मला अडवणं हे त्यांचंच काम होतं! मी सही केली. पुढचे आठ महिने दर आठवड्याला करत राहिले. शेऱ्यात लिहीत राहिले: आसमान साफ.

इनामदारांना स्टोअरमध्ये टाकलं. हवा समाधानकारक असल्यामुळे प्रस्ताव बंद करण्यात आला. ते वाक्य टाइप करणारा, त्यावर शिक्का मारणारा, ते वाचून मान डोलावणारा, एकेकाची कॉलर धरावीशी वाटते. पण त्या वाक्याखाली जोडलेल्या प्रत्येक तक्त्यावर नाव माझं आहे.

निवृत्त झाल्यावर इनामदार साताऱ्याला निघाले. मी निजामुद्दीन स्टेशनवर गेले, सोबत लाडूंचा डबा घेऊन. इनामदारवहिनींनी डबा घेतला. इनामदार खिडकीशी बसून होते.

“इनामदारसाहेब, माझ्यावर रागावलात का?”

“हो, रागावलोय,” ते म्हणाले. “उगं नाही कशाला म्हणू?”

“माफ करा मला.”

“माझ्याकडं काय माफी मागतीस, पोरी? मी आता माहुलीला नदीकाठी राहणार, तिथली हवा झकास. जा, सकाळी आठ वाजता बसस्टँडवर जाऊन उभी राहा. तिथं माग.”

गाडी हलली. वहिनींनी हात केला, त्यांनी केला नाही.

चार वर्षांनी ते गेल्याचं पत्र आलं. तोवर मी कायम झाले होते, वर चढले होते आणि शाखेची जीप मला न्यायला घरी येत होती. ती जीप रोज त्या बसस्टँडवरून जायची. सकाळी आठलाच. मी काच वर करून घ्यायचे.