पुलमनचं मलय लग्न आणि माझी आगाऊ जीभ

मे अखेरच्या लाँग वीकएंडला सिएटलजवळच्या आमच्या रेडमंडचे लोक समुद्रावर जातात, नाहीतर कॅनडात. २००६ साली आम्ही दोघं मात्र गव्हाच्या शेतांतून पावणेतीनशे मैल गाडी हाकत एका लग्नाला गेलो. लग्न आयदाचं. आदल्या उन्हाळ्यात ती माझ्या टीममध्ये इंटर्न होती. मलेशियातल्या जोहोरची मुलगी, पुलमनच्या विद्यापीठात शिकणारी. मला ती ‘काक कविता’ म्हणायची. काक म्हणजे ताई. “काक, आई येतेय जोहोरहून. तू ये, आणि येताना प्लीज भरपूर हळद आण,” असा तिचा फोन आला. हळद आणायला सांगणारं लग्न मी सोडणं शक्यच नव्हतं. माझा नवरा श्रीकांत म्हणाला, “तुला लग्नात रस नाही, चौकशांमध्ये आहे.” खरंच होतं ते.

शनिवारी सकाळी पावसात निघालो. आय-नाइंटीने स्नोक्वाल्मीचा घाट चढेपर्यंत वायपर थांबले नाहीत, आणि घाट उतरलो तर लख्ख ऊन. व्हँटेजला कोलंबिया नदीचा पूल ओलांडला की हायवे सोडून सव्वीस नंबरचा रस्ता धरायचा. हा रस्ता दोन पदरी आहे आणि गाव क्वचितच लागतं, तेव्हा गॅस, म्हणजे पेट्रोल, आधीच भरून घ्या (आम्हाला गॅलनला तीन डॉलरच्या वर पडला) आणि डबा सोबत ठेवा. आमच्याकडे दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी होती. शेवटचे पन्नास मैल हिरव्यागार टेकड्या लागतात. एकही झाड नाही, नुसता कोवळा गहू. श्रीकांतने चार वेळा गाडी थांबवून फोटो काढले, म्हणून पाच तासांचे साडेसहा झाले. मोटेल साठ डॉलरचं होतं. टॉवेल पातळ होते, पण गरम पाणी भरपूर.

आयदाच्या अपार्टमेंटमागे एक कम्युनिटी हॉल होता. तिथे सगळी धांदल चालली होती. मुली मेंदी लावून पंजे पसरून बसल्या होत्या. आयदाचा होणारा नवरा हाफिझ, मेकॅनिकलमध्ये पीएचडी करणारा मितभाषी मुलगा, शिडीवर चढून भिंतीला पिवळं कापड बांधत होता. खाली दोन खुर्च्या मांडलेल्या. दुसऱ्या दिवशी निकाहनंतर नवरा-नवरी राजा-राणीसारखी तिथे बसणार, आणि मोठी माणसं एकेक करून आशीर्वाद देणार.

हॉलच्या किचनमध्ये आयदाची आई होती. सगळे तिला माक चिक म्हणत, म्हणजे मावशीच. डोक्याला घट्ट बांधलेला स्कार्फ, बाह्या सरसावलेल्या, समोर रेंदांगचं भलंमोठं पातेलं. रेंदांग म्हणजे नारळाच्या दुधात मांस तासन्‌तास आटवून केलेला, सुक्क्याच्या जवळ जाणारा प्रकार. ते बीफचं होतं, पण आयदाने आधीच सांगून ठेवल्यामुळे माझ्यासाठी चिकनचं छोटं पातेलं वेगळं शिजत होतं. मला त्या पातेल्याचंच फार कौतुक वाटलं.

माक चिकला इंग्रजी जेमतेम यायचं, आयदा मध्ये बसून सांगायची. गप्पांत कळलं की रोज्याला ते पुआसा म्हणतात, म्हणजे आपला उपवासच. स्वर्गाला शुर्गा. मी हरखून गेले होते. तेवढ्यात माक चिकने मी आणलेली हळद तांदळाला चोळायला घेतली. शेजारी एका वाटीत साळीच्या लाह्या, एका भांड्यात तांदळाचं पीठ कालवलेलं पाणी आणि ते शिंपडायला केवड्यासारख्या पानांची जुडी. हे सगळं तिने उद्यासाठी मांडलं होतं. वर-वधूवर आधी पाणी शिंपडायचं, मग तांदूळ आणि लाह्या टाकायच्या.

मी काय केलं असेल? जवळजवळ ओरडलेच. “आयदा, या तर आमच्या अक्षता! आणि लाह्याही! आमच्या लग्नात अगदी हेच असतं. हे नक्की हिंदूंकडूनच आलंय तुमच्याकडे!”

मला वाटलं होतं सगळे खूश होतील. किचन हॉलला उघडंच होतं, माझं ओरडणं सगळ्यांनी ऐकलं. शिडी धरून उभा असलेला हाफिझचा मित्र वर बघून म्हणाला, “बघ. आता तर त्याच सांगतायत.”

मग आयदाने मला बाहेर नेऊन सांगितलं. हाफिझ दोन वर्षांपासून कॅम्पसवरच्या धार्मिक अभ्यासवर्गाला जात होता. दुसऱ्या धर्मातून आलेल्या रिवाजांचं अनुकरण करू नये, असं तिथे शिकवत. खुर्च्यांवर बसणंही त्याला खटकत होतं, पण सासूसाठी तो तयार झाला होता. तांदळाबद्दल महिनाभर वाद घालून तिने त्याला कसंबसं मनवलं होतं. “ही जुनी मलय पद्धत आहे, हिचा धर्माशी संबंध नाही, असं मी त्याला म्हणत होते, काक,” ती म्हणाली. तिचा आवाज रडवेला झाला होता. तिचे वडील नाहीत. आईची एकच इच्छा होती, लेकीच्या डोक्यावर स्वतःच्या हाताने तांदूळ टाकायची, आणि मंगळवारी आईचं परतीचं विमान होतं.

हाफिझ शिडीवरून उतरला. शांतपणे म्हणाला, “बसू आम्ही. पण तांदूळ नको.” माक चिकने तांदळावर ताटली झाकली आणि रेंदांग ढवळायला लागली. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

रविवारी सकाळी छोट्याशा मशिदीत निकाह झाला. जोहोरहून आलेला आयदाचा भाऊ वली, म्हणजे वधूचा पालक, म्हणून बसला, दहा मिनिटांत सगळं उरकलं. दुपारी हॉलमध्ये दोघं जरीच्या हिरव्या कपड्यांत खुर्च्यांवर बसली. समोर टेबलावर लॅपटॉप, त्याला वेबकॅम. जोहोरला सोमवारची पहाट होती, नमाज आटोपून झोपाळू डोळ्यांनी अख्खी आळी स्क्रीनवर दाटीवाटीने बसलेली. मोठ्यांनी आशीर्वाद दिले, तेही फक्त हात उचलून दुआ मागून. प्रत्येक पाहुण्याला कागदी फुलाला बांधलेलं एकेक उकडलेलं अंडं मिळालं. लेकरंबाळं होवोत म्हणून! मी फोटोत हसतेय, पण डोळे माक चिकला शोधतायत. माक चिक हॉलमध्ये जेमतेम पाच मिनिटं थांबली.

पाहुणे गेल्यावर मी भांडी घासायला किचनमध्ये गेले. आयदाही जरीचे कपडे सावरत आली. मी माक चिकची माफी मागितली, आयदाने ती मलयमध्ये सांगितली. माक चिकने हात पुसले.

“तुला दिसलं ते तू बोललीस,” तिचं म्हणणं आयदाने मला सांगितलं. “तांदूळ कुठून आले, यावर सगळे बोलले. ते टाकताना मी काय म्हणते, हे कुणीच विचारलं नाही.”

“काय म्हणतेस?” मी विचारलं.

तिने हळू आवाजात पैगंबरांवरचा दरूद, म्हणजे त्यांच्यासाठीची दुआ, म्हटली, आणि मग मलयमध्ये दोन वाक्यं. आयदाला ती मला सांगताना हुंदका आवरेना. “या अल्लाह, हिच्या बापाने हिला तुझ्यावर सोपवली. आता मीपण सोपवते.”

दारात हाफिझ उष्ट्या ताटांची चवड घेऊन उभा होता. त्याने ताटं सिंकमध्ये ठेवली. “लोकांसमोर अजूनही नको म्हणेन,” तो मला इंग्रजीत म्हणाला. “पण माझ्या आईलाही मी हे कधी विचारलं नव्हतं.” मग त्याने कोपऱ्यातले दुधाचे दोन प्लॅस्टिकचे क्रेट पालथे घातले, एकावर आयदाला बसवलं, दुसऱ्यावर आपण बसला आणि गुडघ्यांवर तळवे उघडे ठेवले.

माक चिकने ताटली काढली. तेच शब्द म्हणत तिने दोघांच्या डोक्यावर तांदूळ टाकले, निम्मे फरशीवर पडले. मग तिने वाडगा माझ्यापुढे धरला. मी हाफिझकडे पाहिलं, त्याने मान डोलावली. मीही चिमूटभर टाकले.

सोमवारी परतताना कोलफॅक्सला कॉफी घेतली. श्रीकांतने विचारलं, “तू टाकताना मनात काय म्हणालीस?”

“काही नाही. नुसता नेम धरला.”

तो हसला, मला काही हसू आलं नाही. आजवर किती लग्नांत मी अक्षता टाकल्या असतील, बहुतेक वेळा पंगतीकडे डोळा ठेवून. पुलमनहून मी काय आणलं म्हणाल, तर ही रुखरुख. कुठली गोष्ट कुणाची, हे ओळखण्यात मी पटाईत आहे. ती हातात धरलेल्या माणसाला काही विचारायचं मला सुचलं नव्हतं.

घरी पोचल्यावर कॉलिंग कार्डावरून नागपूरला फोन लावला. “आई, अक्षता टाकताना तू मनात काय म्हणतेस गं?”

“काय म्हणीन बाप्पा? नांदा सौख्यभरे. दुसरं काय?”

“आणि माझ्या लग्नात?”

पलीकडे आईने कपबशी खाली ठेवल्याचा आवाज आला.

“तुझ्या लग्नात म्हटलं होतं,” ती म्हणाली, “देवा, हिला फार लांब नको नेऊ.”