वळणावरच्या तीन बहिणी

माझे धाकटे दीर थापाडे आहेत असं बाहेरच्या कुणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. मी म्हणते ती गोष्ट वेगळी. लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून त्यांच्या थापा मी जेवणात तोंडी लावत आले आहे, तेव्हा तेवढा हक्क मला आहे. लोकांनी मात्र आपली जीभ आवरावी.

धंदा आमचा घरचाच. बारा जणांची गाडी आहे. ती धडधाकट ठेवायची माझ्या नवऱ्याने, चालवायची भावजींनी आणि फोनवर गोड बोलून तिच्या सीट भरायच्या मी. सकाळी हॉटेलांच्या दारातून माणसं उचलायची, डोंगरातल्या तीन वाइनरी दाखवायच्या आणि संध्याकाळी ज्याला त्याला आपापल्या दारात सोडायचं. डोंगर तोच, रस्ता तोच, पिंपंही तीच. ऋतू बदलला की मी फक्त जाहिरात बदलते. वसंतात फुलांची सहल, द्राक्षं उतरली की सुगीची सहल, पानगळीत रंगांची सहल, आणि सगळं झाकलं गेलं की बर्फाची सहल, ब्लँकेट आमचं.

सकाळी माणसं गाडीत चढतात ती दाताच्या डॉक्टरकडे आल्यासारखी. कुणी कुणाशी बोलत नाही. पहिल्या वाइनरीच्या थंडगार तळघरात ती शहाण्यासारखी उभी राहतात, ग्लास हुंगतात, माना डोलवतात. दुसरीनंतर एकमेकांची चौकशी करतात. तिसरीनंतर एकमेकांना घरची भांडणं सांगतात आणि परतीच्या वाटेवर गाणी म्हणतात. भावजी स्वतः थेंबाला शिवत नाहीत. तिन्ही ठिकाणी त्यांच्यासाठी द्राक्षाचा रस काढून ठेवलेला असतो. पण उतरताना प्रत्येक जण त्यांना मिठी मारतो, त्यामुळे त्यांच्या शर्टांना असा काही वास येतो की कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्या मावशींनी सगळ्या गल्लीला सांगून ठेवलं होतं, मुलगा चांगला आहे, पण घेतो.

आता थापांचं. आमच्या रस्त्यावर एक धबधबा आहे. एकच. पण रस्ता त्याच्याभोवती असा वळसे घेत चढतो की तो एकदा पायथ्याशी दिसतो, एकदा मध्येच कडेने आणि एकदा वरच्या पुलावरून. भावजींनी त्याचे तीन केले. थोरली, मधली, धाकटी. तीन सख्ख्या बहिणी. थोरली रागीट, म्हणून तिचा आवाज मोठा. मधली अबोल, कारण तिने एकदाच थोरलीला उलट उत्तर दिलं आणि पस्तावली. धाकटीचा पाय घरात ठरत नाही, म्हणून तिची ती घाई. उन्हाळ्यात तिघी एकाच दिवशी आटतात. ‘माहेरी गेल्यात,’ असं भावजी गंभीरपणे सांगतात आणि बारा शिकलेली माणसं हळहळतात.

एका रविवारी जेवताना ते स्वतःशीच हसत होते. मी विचारलं, काय झालं?

“आज शेवटच्या रांगेतली एक बाई म्हणाली, तिन्ही बहिणींच्या डोक्याशी तेच वाकडं झाड कसं काय?”

“सापडलात!”

“छे. म्हटलं, आईने तिघींना सारखंच आंदण दिलं. पुढे भांडण नको म्हणून.”

“आणि तिने ऐकून घेतलं?”

“टाळ्या वाजवल्या,” भावजी म्हणाले आणि पुन्हा हसले. माझे मिस्टर पानातून मान वर न काढता जेवत होते. त्यांच्या वाट्याची बडबडही देवाने धाकट्यालाच देऊन टाकली आहे.

तर असे हे भावजी चाळिशीला टेकले आणि लग्न जमेना. मुलगा काय करतो, असं विचारलं की मी सांगायची, लोकांना वाइनरीत घेऊन जातो. आणि? आणि परत आणतो. इथे पलीकडचा फोन खाली ठेवला जायचा. त्या टाळ्यांच्या रविवारानंतर दोनच दिवसांनी मी वैतागून म्हटलं, “भावजी, तुम्हाला तरी लग्न करायचंय का? की मीच एकटी जीव काढतेय?” ते अंगणात गाडीतल्या उश्या झटकत होते. झटकता झटकता थांबले.

“वहिनी, बारा जण उतरले की गाडी फार मोठी वाटते हो.”

थापा ऐकून पक्के झालेले माझे कान, पण हे खरं होतं ते कानांना लगेच कळलं. मला भरून आलं. मग मी त्यांना उगाचच ओरडले, उश्यांची धूळ घरात येतेय म्हणून.

त्याच आठवड्यात इस्त्रीवाल्या मावशी एक स्थळ घेऊन आल्या. मुलगी चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते, वय भावजींच्या आगेमागे, आत्याजवळ राहते. आत्या मोठ्या दवाखान्यातून हेड नर्स म्हणून निवृत्त झालेली. मावशी माझ्या टेबलावर ओणवल्या आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, “अगं, आत्याबाई म्हणतात, आधी मुलगा कामावर असताना बघणार. न सांगता गाडीत बसून. येत्या रविवारी. पण हे तुला सांगू नको म्हणून त्यांनी मला बजावलंय बरं का.”

मावशींच्या पोटात गोष्ट राहिली नाही, ती माझ्या पोटात कशी राहावी? मी भावजींना समोर बसवलं. म्हटलं, रविवारी थोरली नाही, मधली नाही, धाकटी नाही. गाणं नाही, कुणाची टोपी घालून नाचणं नाही. जे आहे ते, जसं आहे तसं.

“लोक कंटाळतील, वहिनी.”

“लोकांशी लग्न करायचंय का तुम्हाला?”

ते उठले. मग शर्ट घेऊन स्वतः इस्त्रीवाल्या मावशींकडे गेले.

रविवारी एक सीट रिकामी राहिली होती, तिच्यावर मीच जाऊन बसले. गाडीत एकटी आलेली, करड्या कोटातली, ओठ घट्ट मिटलेली एक बाई होती. हीच आत्याबाई, अशी मी भावजींना आरशातून डोळ्याने खूण केली. त्यांनीही तिला ओळखलं होतं. झालं, गाडी सुरू झाली आणि भावजींच्या तोंडून रेल्वे स्टेशनवरच्या घोषणा बाहेर पडू लागल्या.

“डावीकडे द्राक्षमळे आहेत. उजवीकडेही द्राक्षमळे आहेत. पुढे धबधबा दिसेल.”

माझ्या मागे एक जाडजूड गृहस्थ होते. गेल्या वर्षी बायकोबरोबर येऊन गेलेले, यंदा व्याह्यांना हौसेने घेऊन आलेले. ते पुढे वाकून व्याह्यांना म्हणाले, “आता ऐका हं, थोरली!”

“हा धबधबा,” भावजी म्हणाले. “एकच आहे. तोच पुढे दोनदा दिसेल.”

गृहस्थ ताडकन सरळ बसले.

“एकच कसा?” गृहस्थ म्हणाले. “गेल्या वर्षी तीन होत्या!”

“एकच आहे साहेब.”

“मग दोघींचं काय झालं?”

“दोघी नव्हत्याच.”

“म्हणजे तुम्ही खोटं सांगितलंत आम्हाला?”

भावजींनी आरशात करड्या कोटाकडे पाहिलं. “हो,” ते म्हणाले.

गृहस्थांचा चेहरा असा पडला की कुणी गेल्याची बातमी आली असावी. व्याही खिडकीबाहेर बघू लागले. मग सगळेच खिडकीबाहेर बघू लागले, कारण ऐकायला काही नव्हतं. आणि मीही बघितलं. या रस्त्याने मी कितीतरी वेळा गेले असेन, पण दरी मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. वळणावर गाडी आणि आकाश यांच्यामध्ये हातभर रस्ता, आणि त्याच्या पलीकडे काहीच नाही. खाली नदी दोरीएवढी. मी पुढची सीट घट्ट धरली. शेजारच्या बाईने माझा दंड असा धरला की वळ उठले. मागून कुणीतरी पिशवी मागितली. पुढे भावजींच्या नव्या इस्त्रीची कॉलर घामाने चिंब झाली होती. मला वाटलं, बिचारे आत्याबाईंच्या धाकाने गळाठलेत.

तिन्ही वाइनरींत लोक ग्लास हातात धरून भिंतीला टेकून उभे राहिले. परत याच रस्त्याने उतरायचंय म्हणून कुणी घोट घेईना. आमच्या धंद्याच्या इतिहासात प्रथमच बारा माणसं शुद्धीवर घरी परत आली. उतरताना मिठी तर सोडाच, कुणी मानही हलवली नाही. करड्या कोटातल्या बाई शेवटी उतरल्या. मी चेहऱ्यावर होता नव्हता तेवढा गोडवा आणून पुढे झाले.

“काय मग, कसा वाटला मुलगा?”

“कुठला मुलगा?” त्या कडाडल्या. “माझ्या बहिणीने पाठवलं मला. म्हणाली, हसून हसून पोट दुखेल. पोट दुखलं हे खरं!” आणि तरातरा निघून गेल्या.

मी तशीच इस्त्रीवाल्या मावशींकडे धडकले. मावशी गरम इस्त्री हातात धरून हसत होत्या.

“अगं, आत्ताच निरोप आला. आत्याबाई गेल्या रविवारीच येऊन गेल्या म्हणे. भाचीही होती बरोबर. मला मुद्दाम पुढची तारीख सांगितली. म्हणतात, पाहणी सांगून केली की पेशंट ताप लपवतात.”

गेला रविवार! म्हणजे टोपी घालून नाचलेला, आंदणातल्या झाडांचा, टाळ्यांचा रविवार. मी मावशींच्या स्टुलावर बसूनच घेतलं. मी भावजींना सगळं सांगितलं. थाप नाही, विनोद नाही. ते जाऊन अंधाऱ्या गाडीत बसून राहिले आणि मला स्वतःच्या शहाणपणाची शिसारी आली.

पण दोन दिवसांनी आत्याबाईंचं बोलावणं आलं. दुकान बंद झाल्यावर तिथेच चहाला या. आम्ही तिघं गेलो. भिंतीभर चष्म्याच्या काड्या चकाकत होत्या, समोर लहान लहान होत जाणाऱ्या अक्षरांचा तक्ता. खुर्च्या कमी, म्हणून भावजींना डोळे तपासायच्या उंच खुर्चीत बसवलं. त्यांचे पाय जमिनीला टेकत नव्हते. मुलगी कप घेऊन आली. भावजींनी मान वर केली आणि त्यांचा रंगच उडाला.

“शेवटची रांग,” ते पुटपुटले.

“हो, वाकड्या झाडावाली मीच,” ती म्हणाली आणि समोरच्या स्टुलावर बसली, रोज गिऱ्हाइकासमोर बसते तशी. “खरं सांगा. धबधबे किती?”

आता पंचाईत होती. तीन म्हणाले तर थापाडे, एक म्हणाले तर आधी थापा मारल्याची कबुली.

“एकच आहे,” भावजी म्हणाले.

“मला पहिल्या वळणालाच कळलं होतं,” ती म्हणाली.

आत्याबाईंनी कप खाली ठेवला. “मला चक्कर येते घाटात. हयात दवाखान्यात गेली, पण वळण आलं की मी मेलेच. त्या दिवशी मात्र काही झालं नाही. घरी आल्यावर लक्षात आलं, जिथे जिथे दरी उघडी पडते, नेमकी तिथेच याची एकेक बहीण येते. सगळ्यांच्या माना दुसरीकडे. लोकांना भीती वाटू नये म्हणून केवढी हुशारी! मी तर तिथेच पसंत केलं.”

माझ्या डोळ्यांसमोर ती दोरीएवढी नदी आली. अरे देवा, म्हणजे हे असं होतं तर! मी अभिमानाने भावजींकडे पाहिलं. आयती चालून आलेली शाबासकी. त्यांनी फक्त मान लववायची होती. त्यांनी मात्र मुलीकडे बघितलं.

“लोकांसाठी नाही हो,” ते म्हणाले. “मलाच भीती वाटते.”

खुर्चीच्या कडा पकडून ते पुढे सांगू लागले.

“दरी दिसली की माझ्या पायातलं बळ जातं. बोलत राहिलं की नुसता रस्ता दिसतो. म्हणून बोलतो. परवा वहिनींनी बोलू दिलं नाही, तर सबंध रस्ता जीव मुठीत धरून आणली गाडी.”

माझे मिस्टर, जे कुठेच बोलत नाहीत, ते बोलले. “मग इतकी वर्षं हे काम केलंस कशाला?”

“तू हौसेने गाडी घेतलीस, दादा. नाही कसं म्हणू?”

“मला एकदा तरी सांगायचंस.”

“तू एकदा तरी विचारायचंस,” भावजी म्हणाले. “अर्थात, विचारलं असतंस तर थापच मारली असती.”

मिस्टरांनी चष्मा काढून पुसला. तो स्वच्छच होता. मीही पदराने नाक पुसलं, उगीच खोटं कशाला सांगू. त्या मुलीने मात्र उठून भावजींच्या खुर्चीची कळ दाबली. खुर्ची हळूहळू खाली आली आणि त्यांचे पाय जमिनीला टेकले.

“तुमच्या शेजारच्या सीटवर कोण बसतं?” तिने विचारलं.

“कुणी नाही. पिशव्या असतात.”

“पिशव्या मागे ठेवा,” ती म्हणाली.

पुढच्या रविवारी तिच्या दुकानाला सुट्टी होती. गाडी परत आली ती गल्लीच्या तोंडापासूनच गाणी ऐकू येत होती. ते जाडजूड गृहस्थ पुन्हा आले होते, व्याह्यांना घेऊन, झाल्या प्रकाराची भरपाई म्हणून मीच आग्रहाने बोलावलं होतं. उतरल्या उतरल्या त्यांनी भावजींना मिठी मारली आणि माझ्या टेबलापाशी आले.

“वहिनी, तिघी परत आल्या! आणि ती चौथी तर काय सांगू! आंधळी बहीण. हाताने चाचपडत दगडांवरून उतरते ती. डोळ्यात पाणी आलं आमच्या.”

मी भावजींना खिडकीतून हाक मारली. “भावजी! चौथी कुठून काढलीत?”

“माझी नाही ती,” ते हात वर करून म्हणाले आणि शेजारच्या सीटकडे बोट दाखवलं. तिथे माझी होणारी जाऊ बसली होती. मांडीवर लोकांच्या टोप्या घेऊन, तोंडावर साळसूद भाव आणून.

एक थापाड्या सांभाळता सांभाळता माझे केस पांढरे झाले होते, आणि आता हे दुसरं. मी कपाळाला हात लावला. तेवढ्यात फोन वाजला. कुणाला तरी पुढच्या रविवारी चार बहिणींची सहल हवी होती. मी सीट लिहून घेतल्या आणि सांगितलं, चौथी बघायची तर पुढच्या रांगेत बसा.