दाजी मशीन बघायला निघतात

आमच्या दाजींइतका खरेदीला उत्साहानं निघणारा आणि त्याहून दुप्पट उत्साहानं रिकाम्या हातानं परतणारा माणूस आख्ख्या मराठवाड्यात दुसरा झाला नसेल. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे, यजमान. राहायला धाराशिव जिल्ह्यातल्या वाशीला. विहिरी, घरांचे पाये, कालव्याच्या चाऱ्या अशी खोदकामाची लहानसहान कंत्राटं घ्यायचे. जमिनीत हात घालणारा माणूस झटपट निर्णय घेणारा असेल असं तुम्हांला वाटेल, तर तसं नव्हतं. चप्पल घ्यायची तर ती आधी दुकानदाराच्या पायात घालायला लावून त्यालाच रस्त्यावर दोन फेऱ्या मारायला सांगत, कारण "आपल्या पायात आसली की आपल्याला चप्पल नीट दिसत न्हाय." ट्रान्झिस्टर घ्यायला गेले तेव्हा दुकानातल्या बाकावर बसून सकाळच्या भक्तिगीतांपासून दुपारच्या कानडी शेतकी कार्यक्रमापर्यंत सगळं ऐकलं आणि उठताना म्हणाले, "आवाज चांगलाय, पण बोलतंय लई." आक्काला बघायला आमच्या येरमाळ्याच्या घरी आले होते, तेव्हा परसात नव्या विहिरीचं काम चाललं होतं. पोहे पुढं येईपर्यंत पाहुणे दोर धरून विहिरीत उतरले. तासाभरानं मुरमाचा खडा चघळत वर आले आणि माझ्या वडिलांना म्हणाले, "आजून दोन पुरुष खोल खणा, गोड पाणी लागतंय." वडील म्हणाले, "ते बरं झालं. पण मुलगी?" दाजी म्हणाले, "पसंत हाय की." त्यांनी मुलगी पाहिलीच नव्हती. उभ्या आयुष्यात न तपासता घेतलेली तेवढी एकच गोष्ट, असं आक्का आजही कधी कौतुकानं तर कधी तणतणत सांगते.

बहात्तरच्या दुष्काळात दाजी एका पाझर तलावाच्या कामावर मुकादम होते. दुष्काळ सरला, काम थांबलं, हजेरीपट बंद झाला. पण त्या कामावरची बावीस माणसं दाजींना चिकटून राहिली, की दाजी त्यांना चिकटून राहिले, हे मला कधी नीट कळलं नाही. त्या बावीस जणांसाठीच दाजी कंत्राटदार झाले, एवढं मात्र खरं. निम्मी माणसं बौद्ध वस्तीतली, बाकीची धनगरांची आणि इतर घरांतली. सगळ्यांत थोरली धुरपदामावशी. पन्नाशी उलटलेली, काटक, बोलायला परखड. दाजींना मालक म्हटलेलं खपत नसे, म्हणून सगळी टोळी त्यांना 'मुकादम'च म्हणायची. टोळीतलं कुणी आजारी पडलं की दाजी स्वतः टिकाव घेऊन त्याच्या जागी उतरायचे आणि अर्ध्या तासात कंबर धरून वर यायचे. मग धुरपदामावशी म्हणायची, "मुकादम, तुमी सावलीत बसा. तुमच्याकडं बगत बसण्यात आमचा येळ जातोय."

पुढं सहकाराचं वारं आलं. नदीवरच्या बंधाऱ्यातून माळावर पाणी उचलून न्यायला गावानं उपसा सिंचनाची सहकारी संस्था काढली आणि पाइप गाडायचा लांबलचक चर खोदायचं काम दाजींना देऊ केलं. अट एकच होती. पेरणीच्या आत चर खोदून, पाइप टाकून, माती लोटून रानं मोकळी झाली पाहिजेत. नाहीतर सोलापूरचा एक मोठा कंत्राटदार तयारच होता. दाजींनी चार दिवस बोटांवर हिशेब केला. बावीस माणसांच्या हातून ते काम पेरणीच्या आत होणं शक्य नव्हतं. काम सोडलं तर बावीस घरांचा उन्हाळा कोरडा जाणार होता. खोदायचं मशीन घेण्यावाचून दुसरा रस्ता नव्हता, आणि दाजी मशीन बघायला निघाले.

मी तेव्हा कळंबजवळच्या एका शाळेत मास्तर होतो. मशीनची माहितीपुस्तकं इंग्रजीत असतात, म्हणून दाजींनी माझी उन्हाळ्याची सुट्टी परस्पर ताब्यात घेतली. मला ते 'गुरुजी'च म्हणत. "गुरुजी, एक ओळ सोडायची न्हाय," असं बजावून ते समोर मांडी घालून बसत, आणि मी ओळ न् ओळ मराठीत सांगत असे. तेलाच्या दाबाचे आकडे त्यांनी डोळे मिटून ऐकले. शेवटी छापखान्याचा पत्ता आला तो मी गाळला, तर म्हणाले, "खाली बारीक काय लिवलंय ते ऱ्हायलं." निघण्याआधी त्यांनी आठवडाभर एक दोरी घेऊन गावातले बोळ, पाणंदी आणि बांधांमधल्या वाटा मोजल्या. सगळ्यांत अरुंद जागेशी दोरीला गाठ मारली. मशीन त्या गाठीच्या आत बसलं पाहिजे. बैलगाडी जाते तिथं गेलं पाहिजे, काळ्या रानात रुतता कामा नये, आणि कुणाचा बांध मोडता कामा नये.

पहिलं मशीन एका धरणाच्या कामावरून निकालात काढलेलं होतं. लोखंडी पट्ट्यांवर चालणारं, देवळाएवढं उंच. दाजींनी त्याला लांबूनच प्रदक्षिणा घातली आणि दोरी खिशातून काढलीसुद्धा नाही. म्हणाले, "हे एकदा बांधावरनं गेलं की बांध बी जाईल आन् भावाभावांतलं बोलणं बी जाईल." दुसरं सोलापूरच्या एका दुकानात होतं. पुढं सूप, मागं खोदायचा हात, वर चकचकीत पिवळा रंग. टाय लावलेला विक्रेता पाऊण तास बोलला. दाजींनी ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, "साहेब, ह्याचं पयल्यांदा काय मोडतंय?"

"मोडण्याचा प्रश्नच नाही," विक्रेता हसून म्हणाला.

"न्हाय, पण मोडलंच तर?"

"मोडतच नाही हो."

दाजी चहा अर्धा ठेवून उठले. बाहेर आल्यावर म्हणाले, "गुरुजी, माणसाचं सुदिक काय तरी मोडतंय. गुडघं मोडत्यात, दात पडत्यात. ह्यो म्हणतोय मोडतच न्हाय. ह्याच्याकडनं वाटी सुदिक घिऊ नये."

तिसरं मशीन उमरग्याजवळच्या मुरूम गावी मिळालं. तिथला एक वयस्क कंत्राटदार धंदा आवरत होता आणि त्याच्याकडं लहान चणीचं एक खोदाई मशीन होतं. फिकट निळं, ठेंगणं, एखाद्या आज्ञाधारक रेड्यासारखं उभं. दाजींनी दोरी लावली. गाठीच्या आत दोन बोटं बसलं. मग ते म्हणाले, "आता मुरुमात मुरूम खणून दावा." तो माणूस गालात हसला आणि त्यानं स्वतः मशीनवर चढून गावाबाहेरच्या कडक माळावर खोदायला सुरुवात केली. दाजी चराच्या काठावर उकिडवे बसले. मशीनचा हात खाली जायचा, मूठभर माळ उचलायचा, शेजारी ठेवायचा, पुन्हा खाली जायचा. तासभर दाजी तिथून हलले नाहीत. मग त्यांनी ठरलेला प्रश्न विचारला. कंत्राटदार म्हणाला, "तेलाचा रबरी पाइप फुटतो. उन्हाळ्यात हमखास. दोन जादा जवळ ठेवायचे, अर्ध्या तासात बदलून होतो. कसा बदलायचा ते मी शिकवतो." असं उत्तर मिळावं म्हणून दाजी अर्धा जिल्हा पालथा घालत होते. मी मनातल्या मनात सुटकेचा श्वास सोडला. आणि दाजी धोतर झटकत उभे राहिले नि म्हणाले, "बाकी समदं झ्याक हाय. रंग तेवढा आवडला न्हाय."

एसटीत मी त्यांच्याशी बोललो नाही. उमरगा गेलं, तुळजापूर गेलं, धाराशिव गेलं. येरमाळ्याच्या स्टँडवर गाडी बदलायला उतरलो, चहा घेतला, आणि मग माझा संयम संपला. मी म्हणालो, "दाजी, तुम्ही काय मशीनला हळद लावणार आहात का? रंगाचं काय घेऊन बसलात? पेरणी तोंडावर आली. काम हातचं गेलं तर त्या बावीस जणांनी काय करायचं?"

दाजी बशीतला चहा फुंकत राहिले. बशी खाली ठेवून म्हणाले, "गुरुजी, त्यानं तासाभरात जेवढं खणलं, तेवढं खणायला माझ्या माणसांना दोन दिस लागत्यात. म्या पावलं मोजली. मशीन लई चांगलं हाय. तेच तर वंगाळ हाय. काम न्हाय घेतलं तर एक उन्हाळा उपाशी जाईल. मशीन घेतलं तर त्यांची गरजच उरत न्हाय. दुष्काळात ज्यांनी माझ्या शब्दावर दगूड फोडला, त्यांना म्या कुठल्या तोंडानं घरी बसा म्हणू?"

सोलापूरचा विक्रेता, धरणावरचं धूड, निळा रंग, या सगळ्यांना नावं ठेवताना ते खरं म्हणजे स्वतःसाठी वेळ मागून घेत होते, हे मला तेव्हा कळलं.

दुसऱ्या दिवशी एका विहिरीच्या कामावर दुपारच्या जेवणाला टोळी बाभळीखाली बसली होती. मीही बरोबर होतो. दाजींनी घसा खाकरला आणि जाहीर केलं, "आपुन मशीन घेणार न्हाय. त्या चराचं काम बी सोडलंय म्हणून संस्थेला कळवतो. आपली माणसं आपल्याला जड न्हाईत." मला वाटलं, कुणीतरी डोळे पुसेल. दाजींनाही तसंच वाटलं असावं, कारण ते जरा बाजूला बघत उभे राहिले. मग धुरपदामावशीनं भाकरीचा तुकडा खाली ठेवला.

"मुकादम, कुणाला इचारून सोडलं काम?"

"तुमच्यासाठीच की मावशी. मशीन आलं तर तुमी काय करणार?"

"आमी काय हौसंनं खंदतोय व्हय? आमचं मालक खोकून खोकून अंथरुणाला लागलं, ते कशानं? माझा हात बगा, मूठ मिटत न्हाय धा वर्सं झाली. मशीन खंदत आसंल तर खंदू द्या की त्याला!"

"आन् तुमी?"

"मशीन खंदंल, पर ते शिमिटाचं पायप कोण उतरवंल? सांदं कोण भरंल? माती कोण लोटंल? का ते बी तुमचं मशीनच करतंय? सांगा की गुरुजी, इंग्रजीत काय लिवलंय?"

मी म्हणालो, "तसं काही लिहिलेलं नाही, मावशी."

टोळी हसली. दाजी हसले नाहीत. पाइप बसवायलाही माणसं लागतात, ही साधी गोष्ट दोरी घेऊन गावभर हिंडणाऱ्या या माणसाच्या ध्यानातच आली नव्हती. जमिनीत हात घालून हात घालून त्यांना खोदण्यापलीकडं काम दिसेनासं झालं होतं. ते विहिरीच्या पलीकडं जाऊन बराच वेळ पाठमोरे उभे राहिले. मला वाटलं, रागावले. जवळ गेलो तर उपरण्यानं तोंड पुसत म्हणाले, "गुरुजी, धा वर्सं म्या समजत होतो, म्या ह्यांना संभाळतोय."

त्याच दुपारी आम्ही मुरूमची गाडी धरली. म्हाताऱ्या कंत्राटदारानं आम्हांला बघून विचारलं, "पाव्हणं, रंग बदलून देऊ का?" दाजी मान खाली घालून म्हणाले, "नगं. निळाच चांगला दिसतोय."

मशीन आलं. टोळीतल्याच एका जणानं ते चालवायला शिकून घेतलं. पहिला रबरी पाइप तिसऱ्या दिवशी फुटला आणि दाजी तेलानं नखशिखान्त न्हाऊन निघाले. आक्कानं त्यांना तीन दिवस ओसरीवर जेवायला वाढलं. पण काम चालत राहिलं. पुढं मशीन, मागं टोळी. दोरांनी पाइप खाली सोडायचे, सांधे भरायचे, सिमेंट धरेपर्यंत ते ओले ठेवायचे, माती लोटायची. पेरणीला आठ दिवस असताना सगळी रानं मोकळी झाली, आणि संस्थेचा पंप सुरू केला तेव्हा माळाच्या टोकाला पाण्याचा लोट असा फेकला गेला की धुरपदामावशी भिजून हसत सुटली. दाजींना हार घालायचा होता, तर हे गायब. अर्ध्या वाटेवर एका उघड्या सांध्याला कान लावून बसले होते, कुठं गळतंय का ते ऐकत.

आता सगळं गोड झालं असं सांगून थांबता आलं असतं. पण तसं झालं नाही. चराचं काम संपलं आणि पुढची कामं लहान होती. मशीनबरोबर आठ-नऊ माणसं पुरत. बाकीची हळूहळू पांगली. कुणी पुण्याला गेलं, कुणी लेकाकडं. धुरपदामावशीनं गुडघ्यांमुळं काम सोडलं. कुणालाच दाजींनी जा म्हटलं नाही, आणि कुणीच रागानं गेलं नाही. दाजी सुट्टीचा दिवस बघून एकेकाला भेटायला जात. टोळीतला सगळ्यांत दांडगा गडी सोनबा एका साखर कारखान्यावर पहारेकरी झाला होता. त्याला भेटून आल्यावर दाजी मला म्हणाले, "खाकी कपडं घालून खुर्चीवर बसला होता, गुरुजी. पंखा होता वर. मला बघून ताडकन उठला. म्या म्हणलं, बस. बसंना. म्या निघंस्तवर उभाच. लई बरं चाललंय त्याचं."

दाजी आता थकले आहेत. मशीन केव्हाच विकलं. मी वाशीला मुक्कामाला गेलो की पहाटे जाग येते ती कडी काढल्याच्या आवाजानं. पूर्वी याच सुमाराला टोळी घमेली, टिकाव घेऊन दारापुढं जमायची. दाजी अजून उठतात, दार उघडतात आणि उंबऱ्यात उभं राहून रस्त्याच्या टोकाकडं बघतात. मागून आक्का विचारते, "कोण आलंय का वो?"

"कोण न्हाय," दाजी म्हणतात, "उगंच उभाय." आणि तसेच उभे राहतात.