मधुकरनं दाढी वाढवली तेव्हा

सव्वा महिना होत आला. हयातीच्या दाखल्यासाठी बँकेच्या रांगेत उभा होतो, पुढं दोनच माणसं होती, आणि मधुकरच्या घरून वहिनींचा फोन आला. "भाऊजी... गेले हो," एवढंच म्हणाल्या. मी "बरं" म्हणालो. बरं! रांग सोडायचंही भान राहिलं नाही. माझा नंबर आला, यंत्रावर अंगठा ठेवला, आणि मग बाहेर पायरीवर येऊन बसलो. मधुकर जाणार हे डॉक्टरांनी चार महिन्यांपूर्वीच सांगितलं होतं.

आमची ओळख वीस-बावीस वर्षांपूर्वीची, छावणी भागातल्या गुरुवारच्या आठवडी बाजारातली. जुन्या सामानाचा एक विक्रेता गोणपाटावर कुलपं, नळ, बिघडलेले टॉर्च मांडून बसला होता, आणि त्या पसाऱ्यात दाढीचं एक जुनं रेझर होतं. मुलामा उडालेलं, दातेरी कडेचं. त्याला हात घातला तो मी आणि एका अनोळखी माणसानं, एकाच वेळी. विक्रेता हसला, "लड़ो नक्को साब, एकीच मशीन है." तो माणूस म्हणाला, "घ्या तुम्ही. पण एकदा दाढी करून मला सांगा, डसतं का ते." मी म्हणालो, मी जुन्या रेझरनं दाढी करत नाही, जमवतो फक्त. तो माझ्याकडं बघतच राहिला. "मंग कशाला घेता?" मी ते रेझर त्याच्याच हातात ठेवलं.

मधुकर मूळचा कन्नड तालुक्यातला. वाळूजच्या एका कारखान्यात लेथवर टर्नर होता. केसाएवढा फरक बोटाच्या टोकानं सांगायचा. मी पोस्टातला कारकून. दर रविवारी सकाळी सिडकोतल्या त्याच्या घरी चहा घेत आम्ही रेझरांची तुलना करत बसायचो. वहिनी म्हणायच्या, पोरगी बघायला आल्यासारखे बघतात दोघं. मी बघायचो मुलामा किती शिल्लक आहे, दाते सरळ आहेत का, तळाशी सालाचं अक्षर ठोकलंय का, मूळची डबी आहे का. तो बघायचा गालावर. दातेरी रेझर आठवड्याची वाढलेली दाढी नांगरून काढतं, पण रोजच्या दाढीला ते खरवडतं, असं त्याचं मत. दुसरं दारांचं : दांड्याखालची कळ फिरवली की माथ्यावरची दोन झाकणं दारासारखी उघडतात आणि ब्लेड आत बसतं. हे सोयीचं, मवाळ. पण जुनं झालं की एक झाकण कलतं आणि एकाच गालाला लागतं. तिसरं आकड्यांचं. त्याच्या गळ्याशी कडं असतं, एक ते नऊ. एकवर ब्लेड जेमतेम बाहेर डोकावतं, आणि नऊवर... "नऊवर वैऱ्याची करावी," मधुकर म्हणायचा. मी डबीबंद रेझर दाखवलं की नाक मुरडायचा. "ज्यानं दाढी होत नाय ते रेझर नाय, खेळणं हाय."

गेल्या वर्षी उन्हाळ्यात तो तक्रार करायला लागला. "आजकाल सगळीच डसायला लागली रे." डाव्या जबड्याखाली रोज कापायचं, एकाच जागी. आम्ही तीन रविवार त्यात घालवले. झाकणं खोलली, बैठक वाकली का ते काचेवर ठेवून पाहिलं, ब्लेडं बदलली. मी तर उत्साहानं भिंग घेऊन गेलो होतो. रेझरचा तुकडा न् तुकडा आम्ही तपासला. ज्या जागी कापत होतं ती जागा मात्र मी एकदाही पाहिली नाही.

मग एका रविवारी तो म्हणाला, "दिगू, तुझं ते आकड्यांचं डबीतलं दे ना पंधरा दिवस. त्याचं कडं लई बारीक फिरतं. एकवर लावून बघतो." त्या रेझरला कधी पाण्याचा थेंब लागला नव्हता. मी म्हणालो, "येडा का तू? एकदा वापरलं की संपलं ते." तो हसला. "खरंय तुझं," म्हणाला, आणि पुन्हा कधी मागितलं नाही.

पुढच्या महिन्याभरात त्यानं दाढी राखली. तापातसुद्धा दाढी न चुकवणारा माणूस! वहिनींना म्हणाला, कातडीला जरा आराम. कारखान्यातल्या जुन्या मित्रांनी त्याला बुवा म्हणायला सुरुवात केली. आणि मी, ज्यानं वीस वर्षं त्याचा गुळगुळीत गाल पाहिला होता, मी म्हणालो, "शोभते तुला. म्हातारपणी देखणा झालास." तो हसला, पण तोंड पुरतं न उघडता. हेही मला आत्ता आठवतं. तेव्हा वाटलं, लाजला असेल.

पाच महिन्यांनी भाकरी गिळता येईना, तेव्हा वहिनी त्याला ओढतच दवाखान्यात घेऊन गेल्या. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मी वॉर्डात होतो. दाढी काढायला एक कर्मचारी आला, हातात प्लास्टिकचं, एकदा वापरून फेकायचं रेझर. मधुकरचं दारांचं रेझर मी घरून बरोबर आणलं होतं, ते खिशातून काढलं. तो म्हणाला, "काका, इथं हेच चालतं." दोन मिनिटांत दाढी उतरली. खाली लिंबाएवढी गाठ होती, तांबडी, तुकतुकीत. मी खिडकीकडं बघायला लागलो.

"दिगू," मधुकर म्हणाला, "बघ. आता तरी बघ."

मी बघितलं. मग तो म्हणाला, "मला ठावं व्हतं रे. बोटाला कळलं व्हतं, पयल्याच दिशी. पर थोरल्या भावाचा जबडा काढलेला मी बघितलाय. दोन वर्षं नळीनं जेवत व्हता. तसं जगायचं नव्हतं... आन् मरायला बी भ्यालो." तंबाखू दोघा भावांनी एकाच वयात धरलेली. मधुकरचं बोलणं मी ऐकलं ते हेच शेवटचं. ऑपरेशननंतर तो पाटीवर लिहायचा. रेडिएशनचे शेक सुरू झाले, डाव्या बाजूला केस उगवायचे थांबले, आणि त्या कातडीला ब्लेड लावायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं.

शेवटची भेट तो जायच्या आठ दिवस आधीची. मी ते डबीतलं रेझर घेऊन गेलो होतो. काय म्हणून, ते सांगता येत नाही. त्याच्या हातात डबी दिली. त्यानं ती उघडली, कडं एकवर आणलं, कानाशी धरून त्याची टकटक ऐकली, मग नऊपर्यंत नेलं आणि परत आणलं. आणि मग सदऱ्याच्या टोकानं स्वतःच्या बोटांचे डाग नीट पुसून रेझर डबीत ठेवलं आणि डबी माझ्या हातात दिली.

गेल्या रविवारी वहिनींनी बोलावलं. "तुम्हालाच त्यातलं कळतं भाऊजी, काय ठेवायचं ते सांगा." त्याच्या खोलीत खिडकीखाली पत्र्याचे तीन ट्रे होते, त्यात चाळीसेक रेझरं, ओळीनं. प्रत्येकाखाली त्याच्या अक्षरातली एकेक चिठ्ठी. छावणीचं, दातेरी, डसतं पण इमानी. दारांचं, उजवीकडं कलतं. मी एकेक वाचत गेलो. तिसऱ्या ट्रेच्या टोकाला पांढरं प्लास्टिकचं रेझर होतं. वॉर्डातलं. त्यानं ते कुणाकडून आणि कसं मागून घेतलं असेल, कोण जाणे.

"हे टाकून देऊ का कचऱ्यात?" वहिनींनी विचारलं.

त्याखाली चिठ्ठी होती, शेवटच्या दिवसांतल्या वाकड्या अक्षरातली. 'दवाखान्यातलं. एकदाच वापरायचं. आजवरचं सगळ्यात मवाळ. कुठंच डसलं नाही.'

"नको," मी म्हणालो, "राहू द्या तिथंच."