डावीकडे ओढणारी गाडी

ह्यांना लकवा झाला त्या हिवाळ्यापासून गाडी शेडमध्ये उभी होती. होळीच्या आधी शेड झाडायला गेले, तर पुढच्या चाकाजवळ लालसर तेलाचं थारोळं दिसलं. मी त्यावर माती टाकली आणि घरात येऊन ह्यांना सांगितलं. सांगायला नको होतं असं त्या वेळी वाटण्याचं काही कारण नव्हतं. उलट कितीतरी दिवसांनी ह्यांनी भिंतीकडून तोंड माझ्याकडे वळवलं.

"लाल शे का काळं?"

"लाल."

"मंग स्टेअरिंगनं शे. पाईप फुटना." आणि काठी मागितली.

आम्ही शहाद्यात राहतो. हे पुरुषोत्तमनगरला कारखान्यात नोकरीला होते, मी प्राथमिक शाळेत शिक्षिका. दोघंही रिटायर झालेलो. मुलगा सुरतेला. गाडी ह्यांनी जुनीच घेतली होती. लांब नाकाची, समोर चार गोल दिवे, आणि आत बसलं की सोफ्यावर बसल्यासारखं वाटायचं. ती बनवणं कंपनीनं कधीच बंद केलं होतं. मुलगा म्हणायचा, ही विका आणि लहान गाडी घ्या. हे म्हणायचे, हिला पॉवर स्टेअरिंग आहे, म्हातारपणी हीच बरी. म्हातारपण म्हणजे गुडघे दुखतील, फार तर मोतीबिंदू होईल, एवढंच तेव्हा आमच्या डोक्यात होतं.

लकव्यानं ह्यांचा डावा हात गेला. पाय सुधारत गेला, काठी घेऊन अंगणात चालायचे. पण मनानं उठले नव्हते. जेवण अर्धवट टाकायचे. माझ्या शाळेतल्या मैत्रिणी भेटायला आल्या तर त्यांच्याकडे बघायचे नाहीत. एकजण जाताना म्हणाली, "ओळख ठेवली नाही हो सरांनी." मला वाईट वाटलं, पण मी समजून घेतलं. ज्या माणसाला आंघोळीला बायको लागते, त्यानं कुणाकडे कशाला बघावं.

त्या लाल तेलानं मात्र ते उठले. दुसऱ्या दिवशी आमचा नेहमीचा मेकॅनिक आला. ह्या गाडीला पंधरा-वीस वर्षं त्यानंच हात लावलेला. तो खाली झोपून बघून आला आणि हात पुसत म्हणाला, "काकू, हाई गाडी आते चालू करू नका. दोन्ही पाईप गयेल शेत. पंपकडथून जास तो, आनि परत येस तो. असा पाईप आते भेटाव नही."

हे खुर्चीवर बसून ऐकत होते. "भेटाव नही तं बनाडू," म्हणाले.

मेकॅनिक गेल्यावर ह्यांनी मला जवळ बसवलं. इतके दिवस ज्याच्याकडून एक वाक्य निघत नव्हतं तो माणूस बोलत राहिला. पॉवर स्टेअरिंग एका हातानं फिरतं. "मन्हा उजवा हात चांगला शे. एकच हातघाई फिरस ते." क्लच दाबण्याइतका डावा पाय चालतो. राहिला गिअर. तो डाव्या हाताला असतो. "तो तू टाक. मी सांगसू, तू टाक." मी हसले. ह्यांनाही हसू आलं, तोंडाच्या एका बाजूनं.

डॉक्टरांना मी गाडी चालवण्याबद्दल विचारलं होतं. ते म्हणाले, पुढे बघू, घाई करू नका. त्यांनी हाताचे व्यायाम सांगितले होते, पायाचे सांगितले होते. बाकी कशाबद्दल कुणी काही बोललं नव्हतं.

आधी मेकॅनिकनं गावात मिळणारा साधा रबरी पाईप आणून दोन क्लिपांनी आवळला. गाडी चालू केली, ह्यांनी बाहेरून खिडकीतून हात घालून स्टेअरिंग फिरवलं, आणि पाईप फाटून तेल गरम इंजिनावर उडालं. शेडभर पांढरा धूर झाला. मी घाबरून ह्यांना मागे ओढलं. ह्यांना राग आला तो पाईपचा. "त्याले आत तारनी जाळी लागस," म्हणाले. पंप जोर करतो तेव्हा नुसतं रबर टिकत नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

मग मेकॅनिक म्हणाला, "खापरले जा. तठे ट्रकवालासना पाईप बनाडतस." त्याला दुकान सोडून जाता येईना. मुलाला सुट्टी नव्हती. मी दोन्ही जुने पाईप प्लास्टिकच्या पिशवीत घातले आणि एसटीनं निघाले. तळोदा, अक्कलकुवा, मग खापर. पिशवीतून तेल गळून माझ्या साडीला डाग पडले आणि शेजारची बाई सरकून बसली. उन्हानं खिडकीचा पत्रा तापला होता. मला मात्र बरं वाटत होतं. दवाखाना सोडून दुसऱ्या कशासाठी तरी मी घराबाहेर पडले होते.

हायवेला लागून ते दुकान होतं. जेसीबीचे, ट्रॅक्टरचे, ट्रकचे पाईप तिथे दाबून देत. दुकानदारानं माझे पाईप उलटसुलट पाहिले. "कई गाडीनो छे आ?" मी गाडीचं नाव सांगितलं. त्याला विश्वास बसेना. त्यानं टोकाच्या लोखंडी नळ्या कापून वेगळ्या केल्या, साफ केल्या, जाळीचा नवा पाईप तेवढ्याच लांबीचा कापला आणि मशिनमध्ये घालून टोकं दाबली. कुणी चालवायचं, असं त्यानं विचारलं. मी म्हटलं, आमचे मालक. त्यानं मान हलवली आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

नवे पाईप बसवले त्या दिवशी हे सकाळपासून दाढी करून शेडमध्ये खुर्ची टाकून बसले होते. दाढी डाव्या गालाला राहिली होती. हात चालत नाही, तिथवर ब्लेड पोचलं नसेल, असं मी समजले. मेकॅनिकनं पुढची चाकं जॅकवर उचलली, नवं तेल ओतलं आणि गाडी चालू करून स्टेअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत कितीतरी वेळा फिरवलं. डब्यात तेलाला फेस यायचा, थांबायचा, परत यायचा. आतली हवा निघाल्याशिवाय स्टेअरिंग हलकं होत नाही म्हणे. पंप घुरघुरायचा तो हळूहळू गप्प झाला. मेकॅनिकनं पाईपांखाली जुनी वर्तमानपत्रं पसरली होती. त्यांवर एक थेंब पडला नाही.

"या काका, फिरावा," तो म्हणाला.

हे आत बसले आणि उजव्या हाताच्या दोन बोटांनी स्टेअरिंग फिरवलं. चाकं वळली. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. लग्नानंतर पहिल्यांदा स्वतःच्या पगाराची सायकल आणली होती तेव्हा असे बघत होते.

त्यानंतर दहा-बारा दिवस आम्ही संध्याकाळी शेडमध्येच उभ्या गाडीत सराव केला. हे क्लच दाबायचे, म्हणायचे, "दुसरा." मी डावीकडच्या सीटवरून गिअर ओढायचे. चुकला की म्हणायचे, "शाळामा पोरसले मारत व्हती ना, मंग जोर लाव." ह्यांचं खाणं वाढलं होतं. रात्री झोप लागायची. फोनवर मुलाला मी सांगितलं, बाबा बरे होतायत. त्यानं विचारलं, गाडी खरंच चालवणार का ते? मी म्हटलं, मोकळ्या रस्त्यावर, थोडंसं.

मोकळा रस्ता म्हणजे आमच्या ओळखीच्या एका शेताकडे जाणारा. एका बाजूला कापूस निघून गेलेलं रान, दुसऱ्या बाजूला केळी, मध्ये कच्ची वाट. मेकॅनिकनं गाडी तिथवर आणून दिली आणि तो बांधावर उभा राहिला. सकाळची वेळ होती. हे बसले, मी शेजारी बसले. "पहिला," म्हणाले. गाडी निघाली. स्टेअरिंग खरोखर हलकं होतं.

थोडं अंतर गेल्यावर गाडी डावीकडे सरकायला लागली. डावं चाक वाटेवरून उतरून गवतात गेलं. मी म्हटलं, "उजवीकडे ल्या."

"सरळच चाली ऱ्हायनी."

"नही हो. बाजूले उतरनी ती."

ह्यांनी समोर बघत, अगदी शांतपणे म्हटलं, "तुले तसं वाटस."

समोरून एक बाई येत होती, डोक्यावर गवताचा भारा. गाडी बघून ती वाटेच्या कडेला, आमच्या डावीकडे, उतरून उभी राहिली होती. भाऱ्यामुळे तिला पटकन हलता येईना. ह्यांचा चेहरा तिच्याकडे नव्हता. त्यांना हॉर्न वाजवावासा वाटला नाही, ब्रेक दाबावासा वाटला नाही. मी ओरडले आणि दोन्ही हातांनी स्टेअरिंग उजवीकडे लोटलं. ते इतकं हलकं होतं की गाडी एकदम वाट ओलांडून गेली आणि उजवं चाक पाण्याच्या चारीत उतरून बंद पडली. मागे गवताचा भारा मातीत पडला होता. बाई उभी होती. तिला लागलं नव्हतं.

मी उतरून तिच्याकडे गेले, तिचे हात धरले. मेकॅनिक धावत आला. मी गाडीकडे परत आले तेव्हा हे संतापून बसले होते.

"काबर ओढं स्टेअरिंग?"

"ती बाई मरती ना."

"कोनती बाई? तठे कोनीच नव्हतं."

मी बोट दाखवलं. ती भारा उचलून मेकॅनिकशी बोलत होती, गाडीच्या डावीकडे, वीस पावलांवर. ह्यांनी समोर पाहिलं, उजवीकडे पाहिलं. मग माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मी बोट खाली घेतलं.

नंदुरबारच्या डॉक्टरांनी ह्यांना कागदावर घड्याळ काढायला लावलं. ह्यांनी गोल काढला आणि बाराही आकडे उजव्या अर्ध्यात दाटून लिहिले. डॉक्टर मला बाहेर घेऊन आले. म्हणाले, "डोळे चांगले आहेत त्यांचे. पण मेंदूनं डावी बाजू सोडून दिलीय. तिकडे जग आहे हेच त्यांना कळत नाही. आणि कळत नाही, हेही कळत नाही."

मी विचारलं, सुधारतं का. ते म्हणाले, सुरुवातीच्या महिन्यांत काहींचं सुधारतं.

घरी येऊन मी ताट वाढलं. ह्यांनी उजवीकडची भाकरी आणि भाजी खाल्ली, डावीकडची डाळ आणि ठेचा तसाच ठेवला आणि म्हणाले, आज डाळ केली नाही का. मी ताट फिरवलं. डाळ ह्यांच्यासमोर आली. "ही काय," म्हणाले आणि खायला लागले. इतके महिने मी ते ताट उचलून नेत होते आणि अन्नावरची वासना गेली असं शेजारणींना सांगत होते. मैत्रिणी त्या दिवशी डावीकडच्या दिवाणावर बसल्या होत्या.

मी ह्यांना समजावलं. कागद दाखवला, घड्याळ दाखवलं. शांतपणे, शाळेत समजावते तसं समजावलं. ह्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पाईप खराब शे. गाडी डावीकडे ओढस. तुले कोनी फसवं. मेकॅनिकले बलाव."

मेकॅनिक आला. त्यानं गाडी चालवून दाखवली, स्टेअरिंग सोडून दाखवलं, गाडी सरळ गेली. हे म्हणाले, मी बसतो तेव्हा ओढते. त्यानं मन राखायला पाईप काढून परत बसवले. तो गेल्यावर ह्यांनी मला म्हटलं, "तू त्याले शिकाडी ठेयेल शे." सदतीस वर्षांच्या संसारात ह्यांनी माझ्यावर कधी संशय घेतला नव्हता. आता औषधाची गोळी दिली तरी उजेडात धरून बघतात. मी डावीकडून जवळ गेले तर दचकतात, आणि चोरासारखी का येतेस म्हणतात.

मुलगा आला, राहिला, परत गेला. जाताना म्हणाला, गाडी डोळ्यासमोर असेपर्यंत हे थांबणार नाही. त्यानंच गुजरातेतल्या व्याऱ्याकडचं एक गिऱ्हाईक पाठवलं. जुन्या गाड्यांचा शौकीन होता. त्यानं बॉनेट उघडलं, पाईपांवरून बोट फिरवलं, बोट कोरडं निघालं. काम कुठे केलं म्हणून विचारलं. मी खापर सांगितलं. तो खूश झाला, म्हणाला, घेऊन जातो.

हे काठी टेकत बाहेर आले. नमस्कार केला, त्याला खुर्ची द्यायला लावली. मग म्हणाले, "भाऊ, मी खोटं बोलाव नही. हाई गाडी डावीकडे ओढस. एक बाई मरता मरता वाचनी. आदी पाईप बदलू, मंग न्या."

मी त्या माणसाकडे बघून मान हलवली, की तसं नाही. पण काय सांगणार होते? माझ्या नवऱ्याचं डोकं ठिकाणावर नाही असं, त्यांच्यासमोर? ह्यांच्या तोंडावर इतका सच्चेपणा होता की तो माणूस त्यांच्यावरच विश्वास ठेवून बसला. चहा घेतला आणि फोन करतो म्हणून निघून गेला. फोन आला नाही.

ह्यांना त्या दिवशी बरं वाटत होतं. एका माणसाला फसण्यापासून वाचवलं होतं. संध्याकाळी मी चटणी कुटत होते तेव्हा त्यांनी हाक मारून विचारलं, "मेकॅनिक कवय येई?"

"सकाळी," मी म्हटलं.

"दोन्ही पाईप बदलाले सांग."

"सांगसू."

मी कुटत राहिले. मेकॅनिकला फोन करायचा नव्हता, आणि सकाळी हे परत विचारणार होते.