कोरा माणूस

आमचे भाऊजी, म्हणजे माझा धाकटा दीर, लिफ्ट दुरुस्त करतात. संध्याकाळी घरी आले की कोपरापर्यंत लागलेलं ग्रीस घासून घासून धुतात, चहा घेतात आणि जेवणाच्या टेबलाच्या एका कोपऱ्यावर लॅपटॉप उघडून बसतात. तिथून पुढे ते संपादक. पगार शून्य, आणि मानाचं म्हणाल तर तो आठवड्यागणिक कमीजास्त होतो.

व्हिडिओ गेम खेळणाऱ्या हौशी मंडळींनी मिळून एक वेबसाइट चालवली आहे. एखादा खेळ खेळताना माणूस मध्येच अडकला, की तो तिथे येऊन वाचतो: इकडे वळा, ती किल्ली उचला, मग त्या जिन्याने वर जा. अशा लेखाला त्यांच्यात ‘वाटाड्या’ म्हणतात. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, एवढाच त्यामागचा विचार. लिहिणारे बरेच आहेत, पण लिहिलेलं तपासल्याशिवाय पुढे जाऊ न देणारे एकटे आमचे भाऊजी. लेखक मंडळी त्यांना ‘कात्री’ म्हणतात. तोंडावर म्हणतात, पाठीमागे काय म्हणत असतील ते मला ऐकायचं नाही.

त्यांच्या कात्रीखाली काय जातं, ते मला पाठ झालंय. ‘सोपं आहे’ जातं. ‘अर्थातच’ जातं. ‘हे काय सांगायला हवं’ जातं. ‘लक्षात आलंच असेल’ तर दिसताक्षणी जातं. एका पठ्ठ्याने लिहिलं होतं, एवढंही जमत नसेल तर गेम विकून टाका. भाऊजींनी त्याला फोन केला आणि अर्धा तास इतक्या गोड आवाजात बोलले, की मला वाटलं कुठे सोयरीक जुळवताहेत. फोन ठेवल्यावर त्या मुलाने ते वाक्य तर काढलंच, वर आणखी दोन काढली.

हा गोडवा कुठून आला, ते मी एकदा माझ्या कानांनी ऐकलंय. मी घरी शिवणकाम करते, पडदे, कपड्यांची उसवाउसवी, असलं. एका उंच इमारतीत पडद्यांचं माप घ्यायला गेले होते. लिफ्ट बंद पडलेली आणि आत एक म्हातारे गृहस्थ अडकलेले. बाहेर जमलेले लोक ओरडत होते, हे बटण का दाबलं, ते का नाही दाबलं. तेवढ्यात आमचे भाऊजी आले. त्यांनी पेटी खाली ठेवली, सगळ्यांना गप्प केलं आणि दाराच्या फटीशी तोंड नेऊन म्हणाले, “काका, मी आलोय. तुमचं काही चुकलेलं नाही. कुठे उभे आहात, तेवढं आधी सांगा.” आतली धडपड थांबली. मी जिन्यात टेप हातात धरून उभी होते आणि माझ्या दिराचा मला भयंकर अभिमान वाटला. घरी आल्यावर मी तसं काही बोलले नाही, शेफारतात.

वेबसाइटवर त्यांनी एक नियम घातला होता. कुठलाही वाटाड्या प्रसिद्ध व्हायच्या आधी अशा माणसाच्या हातात द्यायचा, ज्याला खेळातलं ओ की ठो कळत नाही. त्याने फक्त लिहिलंय तेवढंच करायचं. जिथे तो अडकेल, तिथे चूक लेखाची. या माणसाला म्हणायचं ‘कोरा माणूस’. आणि असा माणूस शोधायला ते फार लांब गेले नाहीत.

“वहिनी,” ते मला म्हणाले होते, “तुम्हाला यातलं काही कळत नाही, तेच मला हवंय.”

मी हातातली टेप फेकून मारली. पण मनातून सुखावले. कारण आमच्या घरात पुरुष स्क्रूड्रायव्हर हातात धरूनच जन्माला येतात. नवरा फ्रिज दुरुस्त करतो, दीर लिफ्ट, आणि मी काही विचारलं की नवऱ्याचं ठरलेलं उत्तर: “तुला नाही कळायचं ते.” रागाने नाही म्हणत. पंखा लावावा तितक्या सहज म्हणतो. लग्नापासून ऐकत आले होते. आता त्याच न कळण्याची कुणाला तरी गरज पडली होती.

तेव्हापासून रविवारची दुपार माझी. शिलाई मशीनवर कव्हर टाकायचं, टेबलाशी बसायचं, भाऊजी वाचणार आणि मी बटणं दाबणार. सुरुवातीला मी भिंतीवर आपटायचे, पाण्यात पडायचे. एकदा तर तासभर एका कोंबडीशी बोलत बसले, कारण लेखात ‘समोरच्या व्यक्तीशी बोला’ असं होतं आणि समोर कोंबडी होती. भाऊजींनी ते वाक्य लगेच बदललं. हळूहळू माझी आपटाआपटी कमी झाली. आम्हाला वाटलं, लेखक सुधारले.

मग तो पाणचक्कीच्या गावाचा खेळ आला. सगळे त्याची कधीपासून वाट बघत होते. वाटाड्या लिहिला होता ‘झटपट’ने. हा त्यांच्यातला सगळ्यात वेगाने लिहिणारा, दिवसा शाळेत मास्तर, आणि भाऊजींच्या नियमांवर कायम खार खाऊन असलेला. दुसऱ्या साइटवर लेख त्याच दिवशी येतो आणि आपला कोऱ्या माणसाच्या रविवारपर्यंत वाळत पडतो, अशी त्याची तक्रार. या वेळी मात्र मी एका बैठकीत खेळ पार केला. कुठेच अडले नाही. लेख प्रसिद्ध झाला, आणि दुसऱ्या दिवसापासून तक्रारींचा पाऊस. सगळे एकाच जागी अडकले होते. चक्कीमागचं दार उघडत नव्हतं.

झटपटला आयतं कोलीत मिळालं. उशीर करूनही लोक अडकणारच असतील तर कोरा माणूस हवाय कशाला? येत्या रविवारी संध्याकाळच्या बैठकीत नियमच काढून टाकू, असं त्याने सगळ्यांना कळवलं. भाऊजींनी उत्तर पाठवलं, नियम गेला तर मीही जाईन. आठवडाभर तो लेख पुन्हा पुन्हा वाचला, पण खेळ त्यांना आधीच ठाऊक, त्यामुळे त्यांना दार दरवेळी उघडायचंच. जेवणात लक्ष नाही, चहा गार होतोय. माझा जीव तुटत होता. या माणसाने आयुष्यात एवढ्या एकाच गोष्टीचा हट्ट धरला होता, की अडलेल्याला हसायचं नाही. तोच आता हातातून निसटत होता, आणि लेख पास केला होता मी.

रविवारी सकाळी नवऱ्याला भावाचं पडलेलं तोंड बघवेना. त्याने आजवर त्या खेळांना हात लावला नव्हता. लहान पोरांचं खूळ, असं त्याचं मत. पण खुर्ची ओढून बसला आणि म्हणाला, आण इकडे, मी बघतो काय बिघडलंय ते.

भाऊजी ओळ ओळ वाचू लागले. नवरा बिघडलेल्या फ्रिजचा पाइप तपासावा तशा गंभीर चेहऱ्याने बटणं दाबत होता. मी मशीनवर पडद्याची किनार दुमडत होते, तोंडात टाचण्या. ‘चक्कीच्या मागे जा. दार उघडून आत शिरा.’ नवरा मागे गेला. दार उघडेना. पुढे गेला, परत आला, पाण्यात पडला. पुन्हा तेच. शेवटी माझ्याच्याने राहवेना. मी टाचण्या हातावर काढल्या.

“अहो, ती पेटी ढकला की चाकाखाली. हे काय सांगायला हवं?”

मी मान वर केली. भाऊजी लेखाकडे बघत होते, मग माझ्याकडे.

“वहिनी, पेटीचं इथे कुठे लिहिलंय?”

मी उठून वाचलं. पेटी नव्हतीच. त्यांनी विचारलं, मग तुम्हाला कसं कळलं. मी म्हणाले, त्यात काय, चाक फिरतंय आणि दार त्याच पट्ट्यावर, तर आधी चाक अडवायला नको का? धरणाच्या त्या खेळात तसंच होतं, आणि त्याआधी गिरणीच्या खेळात... बोलता बोलता माझं मलाच ऐकू आलं आणि मी थांबले. नवरा माझ्याकडे असा बघत होता, जसा त्याचा फ्रिजच बोलू लागलाय.

भाऊजी हसायला लागले. आठवडाभर न हसलेला माणूस टेबलावर डोकं ठेवून हसत होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा! लेखात भोक होतं, आणि मी ते न बघताच ओलांडून गेले होते. झटपटला पेटी सांगण्याजोगी वाटली नव्हती, मला ती विचारण्याजोगी वाटली नाही. कोरा माणूस कधीच कोरा राहिला नव्हता. आणि तो हुशार झालाय हे कळलं कशावरून, तर त्याच्या तोंडून ते नेमकं वाक्य निघालं, जे संपादकांनी सगळ्यांच्या लेखातून आजवर कापलं होतं.

मला मात्र हसू येईना. आता माझी टेबलाजवळची खुर्ची गेली, हे मला हसण्याआधी समजलं होतं.

संध्याकाळी बैठक आमच्याच घरी भरली, तिथे भाऊजींनी घडलं ते जसंच्या तसं सांगितलं. मी पडद्यामागे उभी होते. पडदा शिवायला आणलेलाच होता, म्हणून ते कुणाला विचित्र वाटलं नाही. झटपटने लेख पुन्हा उघडून पाहिला. मग म्हणाला, पेटी लिहायची राहिली ती माझीच, सांगायची गरज वाटली नव्हती. नियम राहिला. त्याला एक पुरवणी जोडली: कोरा माणूस शिकला, की बदलायचा. झटपटनेच ती सुचवली, आणि लगेच विचारलं की वहिनी लिहितात का.

दुरुस्तीसोबत साइटवर भाऊजींनी दोन ओळी टाकल्या. ‘आमच्या कोऱ्या माणसाला खेळ कळू लागला, हे आमच्या लक्षात आलं नाही. वाचकांची गैरसोय झाली, माफ करा. वहिनींचं अभिनंदन.’ मी ते वाचलं आणि रडले. मशीनवर बसून, नीट, मोकळेपणाने रडले. मला कळतं, असं कुणीतरी लिहून ठेवलं होतं, आणि ते माझ्या नवऱ्याने मोठ्याने वाचलं होतं.

माझा पहिला वाटाड्या लिहून झाला तेव्हा कात्रीचा खरा अर्थ कळला. त्यात मी तीन ठिकाणी ‘अर्थातच’ लिहिलं होतं. तीनही गेले. एक विनोद होता, चांगला होता, तोही गेला. मी दोन दिवस दिराशी बोलले नाही आणि त्यांच्या शर्टाचं तुटलेलं बटण तसंच ठेवलं. मग तो विनोद पुन्हा वाचला. अडकलेल्या माणसाला हसणारा होता. बटण लावून दिलं.

आता नवा कोरा माणूस हवा होता. घरात एकच उरला होता.

पुढच्या रविवारी दुपारी नवरा माझ्या लेखाबरहुकूम एका तळघरात उतरला आणि तिथे जिन्याशी थांबला. बराच वेळ थांबला. बटणं दाबून पाहिली, मान खाजवली. मी ओठ घट्ट मिटून मशीन चालवत होते.

“मला नाही कळलं हे,” तो म्हणाला. “जरा सांगतेस?”

इतक्या वर्षांत हे वाक्य त्याच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं. जिभेवर उत्तर तयार होतं, तेच, त्याचंच, वर्षानुवर्षं मुरलेलं. टेबलाच्या पलीकडून भाऊजी माझ्याकडे बघत होते, आणि मला वाटतं त्यांना ते दिसलं असावं. मी मशीन थांबवलं आणि खुर्ची नवऱ्याच्या शेजारी ओढली.

“तुमचं काही चुकलेलं नाही,” मी म्हणाले. “वाक्य माझं अपुरं आहे. कुठे उभे आहात, तेवढं आधी सांगा.”