मर म्हणजे झाड

महेश्वरी सगळ्यालाच घाबरते. पालीला, लिफ्टला, गॅसच्या बटणाला, रिक्षावाल्याकडे सुट्टे मागायला. तरी सायकॉलॉजीला ॲडमिशन तिनंच आधी घेतली आणि मला ओढून नेलं. मन कळलं की भीती जाते, असं तिला कुणीतरी सांगितलं होतं. पहिल्याच आठवड्यात समजलं की या विषयात संख्याशास्त्राचाही पेपर असतो, आणि बाईसाहेबांच्या घाबरण्यात आणखी एक भर पडली.

मी गुलनाज, तिची बाकावरची शेजारीण. मला गणित येत नाही, पण त्याची भीतीही वाटत नाही. उदयसिंह सर फळ्यावर घंटेच्या आकाराची रेघ काढतात. मधोमध सरासरी. बहुतेक माणसं तिच्या आसपास गर्दी करून असतात आणि कडेला जावं तशी विरळ होत जातात. ती सरासरीपासून साधारण किती पांगली आहेत, ते प्रमाण विचलन सांगतं. "सरासरीच्या तीन विचलनं खाली असणारा माणूस हजारात एखादाच," सर म्हणाले. मी जांभई दिली. महेश्वरीनं ते वाक्य अधोरेखित केलं.

मग स्मरणशक्तीचं प्रॅक्टिकल आलं. पंधरा शब्द मोठ्यानं वाचायचे आणि समोरच्यानं आठवतील तेवढे सांगायचे. महेश्वरीनं आपल्या वडिलांना, अप्पांना बसवलं. रेवणप्पा मूळचे अक्कलकोटकडचे, शुक्रवार पेठेत पूजेच्या सामानाचं दुकान चालवतात. घरात कानडी, गिऱ्हाइकाशी मराठी. साठी उलटली आहे, तरी कुणाच्या घरात कधी वास्तुशांत झाली हे त्यांना तोंडपाठ.

दुसऱ्या दिवशी ती कॉलेजात आली तेव्हा तिचे ओठ पांढरे पडले होते.

"अप्पांना चारच शब्द आले गं. प्रॅक्टिकलच्या तक्त्यात सरासरी दहा आहे, विचलन दोनचं. म्हणजे तीन विचलनं खाली. हजारात एखादा."

"झोप लागली असंल त्यांना," मी म्हणाले.

"बसप्पाकाकांचं असंच सुरू झालं होतं."

मग मात्र मला गंमत सुचेना. बसप्पा तिचे थोरले काका. आधी शब्द विसरायला लागले, मग एकदा माल आणायला बार्शीला गेले आणि एसटी स्टँडवर स्वतःचं नाव सांगता येईना म्हणून रडत बसले. ते गेले तेव्हा घरातलं एकही माणूस त्यांना ओळखू येत नव्हतं.

भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात तसं झालं. महेश्वरी अप्पांच्या मागे मागे फिरायला लागली. रस्ता चुकतील म्हणून तिनं त्यांच्या स्कूटरची चावी आपल्या पर्समध्ये लपवली. अप्पांनी चावी दोन दिवस शोधली आणि मग काही न विचारता चालत जायला लागले. चावीचंही विसरले, असं तिला वाटलं. ते गप्प राहायला लागले तशी ती आणखी घाबरली. हे घराण्यातच असेल तर आपल्यातही असणार, म्हणून रोज संध्याकाळी आतल्या खोलीत ती तेच पंधरा शब्द मोठ्यानं म्हणून स्वतःला तपासायची. मला तिचा राग यायचा आणि तिच्यासाठी भीतीही वाटायची.

शेवटी तिनं ठरवलं, अप्पांना दुकान बंद करायला सांगायचं. एकटीनं सांगवत नव्हतं म्हणून मला सोबत चल म्हणाली. निघण्याआधी कँटीनमध्ये मी तिचा उत्तरांचा कागद मागून घेतला. चार बरोबरच्या खुणा, बाकी फुल्या.

"एवढ्या फुल्या कशाच्या?"

"चुकीचे शब्द. यादीतला शब्द जसाच्या तसा आला तरच धरायचा, असं सूचनेत लिहिलंय."

मी वाचत गेले आणि एका शब्दावर बोट ठेवलं.

"मर? अप्पा तुला मर म्हणाले?"

"मर म्हणजे झाड गं. कानडीत," ती वैतागून म्हणाली, आणि तिथंच थांबली.

"झाड होतं का यादीत?"

"होतं."

"आणि हे बेक्कु?"

"मांजर." तिनं कागद माझ्या हातातून ओढून घेतला. पुढचं मला विचारावं लागलं नाही. उप्पु म्हणजे मीठ, हालु म्हणजे दूध, नीरु म्हणजे पाणी. सगळे यादीत होते. चार आणि पाच, नऊ. सरासरीच्या जरासं खाली, जिथं फळ्यावरची निम्मी गर्दी उभी असते. त्यात तो तक्ता बनवला होता मराठी बोलणाऱ्या कॉलेजच्या पोरांवर. त्यात साठीचा कानडी माणूस एकही नव्हता.

"घरात दिवसभर कानडी बोलतीस, आणि हातात कागद आला की तुला कानडी कळंना होय?" मी म्हणाले. ती टेबलावर डोकं ठेवून रडली. मी तिला चहासुद्धा पिऊ दिला नाही, उठवून दुकानात नेलं.

दुकानात चिमाबाई नावाचं नेहमीचं गिऱ्हाईक कापूर घेत होतं. आम्हाला बघताच अप्पा गल्ल्यावरून उठले. महेश्वरीनं तोंड उघडलं तसा त्यांनी हात वर केला.

"थांब. आदी माजं ऐक."

ते ताठ उभे राहिले, हात मांड्यांना चिकटवून, शाळेत मास्तरांसमोर उभं राहावं तसे. आणि झाड, मांजर, मीठ, दूध, पाणी करत त्यांनी अख्खी यादी म्हणून दाखवली. क्रमानं, न अडखळता, मराठीत. त्यांच्या कपाळावर घाम आला होता.

"तू आतल्या खोलीत म्हणत हुतीस, तवा भिंतीपलीकडनं ऐकून पाठ केलंय," ते म्हणाले. "आता तरी चावी दे की. मी बसप्पाअण्णासारका न्हाई, व्हय ना? एक बी कानडी शब्द आला न्हाई बग."

पाठ केलेल्या उत्तराला सरांच्या शास्त्रात काही किंमत नाही. चाचणी कायमची बिघडली. महेश्वरीनं पर्समधून चावी काढून त्यांच्या हातात दिली आणि ती मूठ आपल्या दोन्ही हातांत धरली.

"मर म्हणा, अप्पा," ती रडत म्हणाली. "मर म्हणा ना."

चिमाबाईंच्या हातातली कापराची पुडी खाली पडली.